ट्रकच्या हौद्यातली माणसं कागदावर कोण असतात?

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, पाथर्डी या पट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोड कामगारांना न्यायला ट्रक लागायला सुरुवात होते. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या एका तांड्यावर असा ट्रक भरताना मी अर्धा दिवस बसून पाहिला. तळाला ज्वारी-बाजरीची पोती. त्यावर पत्र्याच्या पेट्या, उलट्या घातलेल्या बाजा, पाण्याचे ड्रम, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्र्या, वर कडब्याच्या पेंढ्या. कोंबड्यांचं डालगं फाळक्याला बाहेरून बांधलेलं. एक शेळी, तिची दोन करडं. हे सगळं रचून झाल्यावर, ऊन कलता कलता, सगळ्यात शेवटी माणसं चढली. म्हणजे हौद्याच्या कडेच्याही वर.

चौदा कोयते आहेत, असं टोळी जमवणाऱ्या मुकादमानं सांगितलं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. या हिशेबानं अठ्ठावीस माणसं व्हायला हवीत. मी मोजली, एकेचाळीस भरली. उरलेली तेरा म्हणजे पोरंटोरं आणि पोरं सांभाळायला घेतलेल्या दोन म्हाताऱ्या. ट्रक कोल्हापूरकडे निघाला. तीनशेहून जास्त किलोमीटर, रात्रभर.

दरवर्षी या दिवसांत कुठेतरी असा एखादा ट्रक किंवा ट्रॅक्टर उलटल्याची बातमी येते आणि तिच्याखाली ठरलेले प्रश्न येतात. हे लोक असे का जातात? पोलीस काय करतात? सरकारनं पैसे दिले ना? प्रश्न साधे आहेत, उत्तरं तितकीशी साधी नाहीत. आधी गाडीपासून सुरू करू.

मालवाहू गाडी म्हणजे काय

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात मालवाहू वाहनाची व्याख्या आहे: फक्त माल नेण्यासाठी बांधलेली किंवा तशी बदलून घेतलेली गाडी. यातला ‘फक्त’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो फार महाग पडणार आहे. अशा गाडीत मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसू शकतो, गाडीमालकाचे हमाल बसू शकतात. तेही मोजके.

बसमध्ये माणसासाठी ज्या गोष्टी असतात त्यातली एकही ट्रकच्या हौद्यात नसते. आसन नाही, धरायला दांडा नाही, छप्पर नाही. हौद्याच्या कडा पोतं पडू नये एवढ्यासाठी असतात आणि पोतं उभं राहत नाही.

वजन कमी, तरी गाडी उलटते कशी?

ड्रायव्हर मंडळींचा हा ठरलेला मुद्दा. “पासिंग दहा टनाचं आहे, भरलंय चार टन. ओव्हरलोड कुठंय?” वजनाचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अडचण उंचीची आहे.

डोक्यावर एक घागर घेऊन वळणं आणि एकावर एक तीन घागरी घेऊन वळणं यात जो फरक, तोच इथे. वजन जितकं वर, तितकी वळताना गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. संसार खाली आणि माणसं वर, असं भरलं की तो वर सरकतो. त्यात उसाची मोळी दोरानं आवळता येते, माणसं आवळता येत नाहीत. वळणावर ती सगळी एकदम एकाच बाजूला कलतात, नेमकी ज्या बाजूला कलायला नको त्या बाजूला.

दुसरी गोष्ट थांबण्याची. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी धडकून जागीच थांबली, तर हौद्यातला माणूस त्याच वेगानं पुढे जात राहतो. तो जिथे आपटेल तिथे त्याला बसणारा मार साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून. वेग ६० असेल तर ही उंची १४ मीटरवर जाते, चार मजल्यांच्या पुढे. वेग दीडपट झाला की मार सव्वादोनपट होतो. तरी ‘साठनंच तर चाललो होतो’ असं आपण सहज म्हणतो.

तिसरी गोष्ट अंगावर येणाऱ्या मालाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक मध्यरात्री उलटला. वर बसलेले किमान १५ मजूर गेले. त्याच वर्षी २० ऑगस्टला बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला, १३ मजूर गेले. टिप्परमध्ये लोखंडी सळया होत्या आणि माणसं त्या सळयांसोबत होती. पपई काय नि सळई काय, उलटल्यावर माणूस खाली आणि माल वर.

पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी बोगद्याच्या पुढचं एस आकाराचं वळण माहीत असेल. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे तिथे विजयपूरकडून शिरवळला कामासाठी येणाऱ्या मजुरांची गाडी कठडा तोडून उलटली. १८ जणांचा जीव गेला. पहाटेची वेळ हा योगायोग नसतो. माणसांनी भरलेला ट्रक दिवसा टोलनाक्यावरून न्यायचा म्हणजे अडवला जायची भीती, म्हणून गाडी रात्री निघते. रात्रभर एकच ड्रायव्हर. पहाटे तीन ते पाच ही डोळा लागायची वेळ, आणि घाट नेमका तेव्हाच येतो.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी

ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून तो सुरक्षित, असा एक समज आहे. ट्रॅक्टर हळू असतो, पण मागची ट्रॉली ही बऱ्याचदा बिनब्रेकची चारचाकी पेटी असते. पुढच्यानं ब्रेक मारला की मागची त्याला ढकलत राहते. उतारावर तर ती ट्रॅक्टरला आडवं पाडते. फडावरून कारखान्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो, तेव्हा हे ढकलणंही दुप्पट. मागे दिवा नसतो, रेडियम पट्टी चिखलानं झाकलेली असते, आणि ड्रायव्हरच्या कानाशी जत्रेतल्यासारखा स्पीकर लावलेला असतो. मागून आलेल्याचा हॉर्न त्याला ऐकू येण्याची शक्यता शून्य. (हंगामात कारखान्यावर आरटीओचे लोक येऊन रेडियम लावून जातात, फोटोही निघतात. स्पीकर कुणी काढत नाही.)

आणि ट्रॉलीतल्या माणसांना पळायला वाटच नसते. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बायका बुडाल्या. हायवे नव्हता, वेग नव्हता, घाट नव्हता. शेतातला रस्ता होता.

गाडीला विमा आहे, मग पैसे मिळतीलच?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा सावकाश.

प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी, आणि या दोघांच्या बाहेरचा, गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस ट्रकखाली आला, तर तो तिसरा पक्ष आहे आणि विमा कंपनीला भरपाई द्यावीच लागते.

मग त्याच ट्रकच्या हौद्यात बसलेला माणूस? तोही तिसराच वाटतो ना? १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं तसंच म्हटलं होतं: मालवाहू गाडीत कुणीही बसलेला असो, विमा लागू. पण तीनच वर्षांत, डिसेंबर २००२ मध्ये, मोठ्या पीठानं हा निकाल फिरवला. त्यांनी व्याख्येतल्या त्या ‘फक्त’वर बोट ठेवलं. गाडी फक्त मालाची असेल तर तिच्यात प्रवासी असणं कायद्याला अपेक्षितच नाही, मग त्याचा विमा सक्तीचा कसा असेल? १९९४ च्या दुरुस्तीनं मालाचा मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण दिलं होतं, ते कायम राहिलं. बाकीचे ‘फुकटे प्रवासी’ ठरले. न्यायालयातला शब्द इतका रोखठोक नाही, पण अर्थ तोच.

म्हणजे बघा, त्याच ट्रकनं रस्त्यावरचा माणूस उडवला तर विमा कंपनी बांधलेली. हौद्यातला माणूस उडाला तर कंपनी हात वर करू शकते आणि सगळा भार गाडीमालकावर येतो. गाडीमालक म्हणजे बऱ्याचदा कर्ज काढून ट्रक घेतलेला, त्याच तालुक्यातला माणूस. त्याच्याकडून दहा-वीस घरांची भरपाई वसूल करायची म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

न्यायालयांनी यातून एक मधली वाट काढली: आधी विमा कंपनीनं भरावेत, मग तिनं ते मालकाकडून वसूल करावेत. २००७ साली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या एका मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच केलं. कंपनी जबाबदार नाही असं आधी म्हटलं, आणि तरीही मजुराची परिस्थिती पाहून पैसे भरायला लावले. ही कृपा आहे, हक्क नाही. ती प्रत्येक प्रकरणात मागावी लागते आणि मिळेलच असं नाही.

पण तो प्रवासी नव्हताच, कामगार होता

आता गोष्टीला वळण लागतं. टोळी ट्रकमध्ये हौसेनं बसलेली नसते. ज्या ट्रकनं हंगामभर ऊस वाहायचा त्याच ट्रकनं ती जाते, आणि ऊस तोडून त्याच ट्रकमध्ये भरते. डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढायचं आणि ट्रक भरायचा, म्हणून या पद्धतीला डोकी सेंटर म्हणतात. मग ही माणसं गाडीमालकाची कामगारच झाली की! आणि मालवाहू गाडीतून नेल्या जाणाऱ्या कामगारांना विम्याच्या कलमात संरक्षण आहे, कामगार नुकसानभरपाई कायद्यात बसेल तेवढ्या रकमेपर्यंत.

म्हणजे माणूस तोच, ट्रक तोच, घाट तोच. त्याला प्रवासी म्हटलं तर शून्य, कामगार म्हटलं तर भरपाई. ही रक्कम लहान नसते. १९२३ च्या या जुन्या कायद्याच्या तक्त्यानं महिना पंधरा हजार मजुरी धरली, तर ३० वर्षांच्या माणसाच्या मृत्यूला सुमारे १५ लाख ६० हजार रुपये होतात. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे.

आणि हे ठरतं कशावर? मोठ्या प्रमाणात पहिल्या कागदावर. अपघातानंतर पोलीस पाटील किंवा कुणी तरुण पोरगा पोलीस ठाण्यात जबाब देतो: “आम्ही सगळे ट्रकमध्ये बसून चाललो होतो.” लिहिणाराही तेवढंच लिहितो. “या ट्रकवर तोडणी-भरणीच्या कामाला ठरलो होतो, मुकादमानं उचल दिली होती, मालकानंच गाडी पाठवली” हे वाक्य राहून जातं. (उचल म्हणजे कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम.) पुढे चार वर्षांनी विमा कंपनीचा वकील पहिला जबाब वाचून दाखवतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट हीच आहे. कायदा काही इतका वाईट नाही, पण तो एका वाक्यावर टांगलेला आहे आणि ते वाक्य रात्री तीन वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहिलं जातं.

दुसरा वाद: काम फडात, अपघात रस्त्यात, मग तो कामावरचा कसा? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर महत्त्वाचा निकाल दिला, आणि तो आपल्याकडच्याच साखर कारखान्याशी संबंधित होता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात २००३ साली एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. घर ते कामाची जागा हा प्रवास, वेळ आणि ठिकाण यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग धरायचा, असं न्यायालयानं सांगितलं. घरच्यांना हे ऐकायला बावीस वर्षं लागली. टोळीच्या बाजूनं तर त्याहून जास्त बोलता येईल. तो माणूस स्वतःच्या गाडीवर होता, इथे गाडी कामावर ठेवणाऱ्यानं पाठवलेली असते.

कामावर ठेवणारा कोण, हा प्रश्न मात्र उरतो. कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्यांना उचल देतो. कारखान्याला विचारा, तो म्हणतो आमचा करार ठेकेदाराशी. मुकादमाला विचारा, तो म्हणतो मी पण मजूरच.

सीमा ओलांडली की कायदा बदलतो

ही टोळी सांगलीच्या फडावर गेली तर ती राज्यातल्या राज्यात. बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्याला गेली तर ती आंतरराज्य स्थलांतरित. अशा कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. त्यात लिहिलं होतं की जाण्यायेण्याचं भाडं कंत्राटदारानं द्यायचं, आणि प्रवासाचे दिवस कामाचे धरून त्यांची मजुरीही द्यायची. प्रवास म्हणजे काम, हे इतक्या स्वच्छ शब्दांत तिथे होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू झाल्या, त्यात जाण्यायेण्याच्या भाड्याची एकरकमी तरतूद आली आहे. बीडहून बेळगावला जाणाऱ्या एका तरी टोळीला त्या जुन्या कायद्यानं प्रवासाची मजुरी मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्याला तर ते लागूच नव्हतं.

मग एसटीनं का जात नाहीत?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतून जास्त येतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मग अडचण काय?

अडचण पाच-सहा महिन्यांच्या संसाराची. पेटी, पीठ, बाज, शेळी एसटीत जात नाही आणि फड स्टँडवर नसतो. त्यातही ट्रक कारखान्यावर जाणारच असतो, त्यामुळे माणसं त्यात बसली तर खर्च शून्य. बसचा खर्च मात्र कुणाच्या तरी खिशातून दिसतो. आणखी एक कारण आहे, जे कुणी मोठ्यानं बोलत नाही. मुकादमानं उचल वाटलेली असते. टोळी सुटी सुटी एसटीनं गेली आणि दोन कोयते मध्येच दुसऱ्या कारखान्याला उतरले तर? एका गाडीत भरून नेलं की मोजदाद सोपी.

तरीही संसार ट्रकमध्ये आणि माणसं बसमध्ये, हे होऊ शकतं. लग्नाच्या वऱ्हाडासाठी एसटी प्रासंगिक करारावर मिळते, तशी टोळीलाही मिळते. सगळ्या हंगामात माणसागणिक तो खर्च एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास येईल, असा माझा ढोबळ हिशेब. तो कारखान्यानं उचलावा, कारण हंगाम वेळेवर सुरू होण्याची गरज त्याची आहे.

पोलीस अडवत का नाहीत?

अडवतात. परवान्यापेक्षा जास्त माणसं नेली तर माणशी २०० रुपये दंड आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की जादा माणसं उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. तरतूद चांगली आहे. आता मांजरसुंबा घाटात रात्री साडेबाराला ती अमलात आणून दाखवा. तान्ही पोरं, म्हाताऱ्या, थंडी, आणि हवालदार एकटा. दुसरं वाहन कुठून आणणार? तो पावती फाडतो आणि गाडी सोडतो. अडवायची जागा घाट नाही, तांडा आहे: ट्रक भरत असताना, दिवसाउजेडी. कुठल्या कारखान्याचे ट्रक कधी लागतात हे आख्ख्या तालुक्याला माहीत असतं.

श्रीमंत देशांत तरी काय वेगळं आहे?

सिंगापूरसारख्या शहरातही बांधकामावरचे परदेशी मजूर लॉरीच्या मागे बसून कामावर जातात. त्यात भारतीय आणि बांगलादेशी बरेच. माल नेणाऱ्या गाडीत माणसं नेऊ नयेत हा तिथलाही सर्वसाधारण नियम, आणि कामगार हा त्याला अपवाद. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या एका मोठ्या मार्गावर अशा लॉरीची उभ्या टिप्परशी धडक झाली, दोघे गेले, तेव्हा बंदीची मागणी जोरात झाली. २०२३ मध्ये सरकारनं सांगितलं की सरसकट बंदी छोट्या कंपन्यांना झेपणार नाही. छप्पर आणि उंच कठडे मात्र तिथे सक्तीचे आहेत. म्हणजे गरिबी हे एकमेव कारण नाही. कुणाचा प्रवास खर्चात धरायचा आणि कुणाचा नाही, हा हिशेब तिथेही आहे.

आज, या हंगामात, काय हाताशी आहे

ट्रकच्या विम्याचा आणि आरसीचा मोबाइलवर फोटो घ्या. मुकादमाच्या वहीतल्या आपल्या पानाचाही घ्या. अपघात झालाच तर जबाबात काम, गाडीमालक, उचल हे शब्द यायला हवेत. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणारा पंतप्रधान सुरक्षा विमा असेल, तर अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. माणूस कुठल्या गाडीत बसला होता हे तिथे कुणी विचारत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात विमा योजना राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजूर केली आहे. त्यासाठी ऊसतोड कामगार महामंडळाकडे नोंद लागते आणि ओळखपत्र लागतं. ती नोंद गावात ग्रामसेवकाकडे झाली आहे का, हे ट्रक भरायच्या आधी बघायचं.

त्या तांड्यावर मी मुकादमाची वही मागून पाहिली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडाची. प्रत्येक कोयत्याला एक पान. वर नाव, खाली उचलीची रक्कम, तारखा, अंगठे. दवाखान्याला दिलेले पाचशे, किराण्याला दिलेले अकराशे, सगळं पैशापैशानं लिहिलेलं. निघायच्या तारखेसमोर दोनच शब्द होते: गाडी भरली.